तिसऱ्या पानाच्या पुढे
विज्ञानकथा, गूढकथा, अद्भुतकथा लिहू पाहणाऱ्यांसाठी

दिवाळी अंकांकडे आलेल्या कथांची पहिली चाळणी करण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. त्यातला विज्ञानकथा, भयकथा, गूढकथा आणि अद्भुतकथांचा गठ्ठा माझ्याकडे येतो. पाठवणाऱ्यांत हिंजवडीत नोकरी करणारे अभियंते असतात, जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक असतात, फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलगी असते, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ असतात. सोबतच्या पत्रात बहुतेकांनी एकच विचारलेलं असतं : मला हे जमेल का, आणि किती दिवस प्रयत्न करत राहायचं? एकेकाला उत्तर लिहायला वेळ पुरत नाही, म्हणून हा लेख.

या प्रकारच्या लेखकाच्या वाट्याला येणारे चढउतार घरगुती किंवा सामाजिक कथा लिहिणाऱ्यापेक्षा जरा वेगळे असतात. आपल्याकडे कल्पना सुचते तेव्हाच मोठा आनंद मिळून जातो. मेलेल्या माणसांचे आवाज पकडणारा रेडिओ, सावली गहाण ठेवणारं गाव, आठवणी विकत घेणारं दुकान. बसमध्ये, आंघोळ करताना, रात्री झोप लागण्याआधी असं काही सुचतं आणि वाटतं, झाली कथा! मित्राला सांगितली की तोही म्हणतो, ‘भारी आहे रे, लिहून काढ.’ मग लिहायला बसायचं. पहिली दोन पानं सरसर जातात, कारण त्यांत कल्पनाच सांगायची असते. तिसऱ्या पानावर ती सांगून संपते. पात्रं नुसती उभी असतात, त्यांना करायला काही नसतं. माझ्याकडे येणाऱ्या बहुसंख्य कथा या तिसऱ्या पानावर कोसळतात. मग लेखक घाईघाईने स्फोट घडवतो, किंवा ‘आणि त्याला जाग आली’ म्हणून मोकळा होतो. जे कागदावर उतरलंच नाही, ते याहून किती जास्त असेल!

म्हणून नकार, मानधन, प्रसिद्धी यांच्याकडे वळण्याआधी हे तिसरं पान ओलांडायचं कसं ते पाहू. बाकीचे चढउतार बाहेरचे असतात. हा एक आपल्या हातातला आहे.

समजा, कल्पना अशी आहे : पुढे कधीतरी पाऊस विकत मिळू लागतो. ढग कुठे रिते करायचे हे ठरवता येतं आणि त्याचा लिलाव होतो. या कल्पनेवरची कथा माझ्याकडे आली तर ती साधारण अशी सुरू होईल : ‘सन २०९५. मेघ महामंडळाच्या ऐंशी मजली इमारतीत डॉक्टर आर्यन यांनी त्रिमितीय पडद्यावर नजर टाकली. गेल्या तीस वर्षांत पृथ्वीवरील जलसंकटाने उग्र रूप धारण केले होते.’ यानंतर दीड पान जलसंकटाचा इतिहास. मग डॉक्टर आर्यन सहकाऱ्याला अशा गोष्टी समजावून सांगतात ज्या त्या सहकाऱ्याला त्यांच्याइतक्याच ठाऊक असणार. वाचक तिथेच पान उलटतो.

आता दुसरीकडून जाऊ. ही कल्पना खरी झाली तर दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यात आधी कुणाची पंचाईत होईल, असं स्वतःला विचारा. माझं उत्तर : जत तालुक्यातल्या एका बाईची. दीड एकर जमीन, बाजरी, आणि ऐपत बारा मिनिटांच्या पावसाची. शेजारचं रान दिराचं. त्याने पावसाचे पैसे भरलेले नाहीत, आणि पाऊस काही बांध पाहून पडत नाही. आता सुरुवात करून पाहू :

तलाठ्याने पावती दोनदा वाचली. ‘मावशी, बाराच मिनटं हायती. पेरणीला पुरायची न्हाईत.’

‘ठावं हाय मला,’ शेवंता म्हणाली. ‘दिराच्या बांधापासनं जरा लांब पाडा, येवढं सांगा त्येस्नी.’

एवढ्याशा संवादात वाचकाला कळलं की पाऊस मिनिटांवर मिळतो, त्याची पावती फाटते, ती तलाठ्याच्या टेबलावर येते, या बाईचे पैसे कमी पडलेत आणि दिराशी तिचं बिनसलेलं आहे. सालाचा उल्लेख नाही, महामंडळ नाही, आणि तरी सगळं जग उभं राहिलं. शिवाय पुढे काय होईल हे पाहायला वाचक थांबला, कारण बारा मिनिटांतली चार मिनिटं दिराच्या रानात पडली तर काय, हा प्रश्न त्याच्याही मनात आला. भावकीतला बांधाचा तंटा त्याच्या ओळखीचा आहे. नवीन आहे तो फक्त पाऊस.

इथून कागद घ्या आणि या एका बदलाने कुणाकुणाचं काय होईल ते लिहीत सुटा. वीटभट्टीवाला, मंगल कार्यालयाचा मालक, छत्र्या दुरुस्त करणारा, विहीर खणणारा, पंचांगकर्ता, पीकविम्याचा एजंट. लिहिता लिहिता तुम्ही तासगावच्या द्राक्षबागायतदारापाशी याल आणि थबकाल. काढणीच्या तोंडावर आलेला अवकाळी पाऊस त्याचं वर्ष बुडवतो, म्हणजे तो पाऊस न पडण्यासाठी पैसे मोजेल. शेवंताला बारा मिनिटं पाऊस हवा आहे, आणि त्याच जिल्ह्यातला एक माणूस आपल्या बागेच्या आसपास ढग फिरकू नयेत म्हणून तिच्या कितीतरी पट रक्कम भरायला तयार आहे. दोघंही आपापल्या जागी बरोबर. तिसऱ्या पानासाठी जे हवं होतं ते इथे मिळालं. कल्पना तेवढीच राहिली, पण तिच्यामुळे दोन माणसं समोरासमोर आली.

एका कथेत अशक्य गोष्ट एकच असावी, हाही नियम पाळा. एच. जी. वेल्स यांनी आपल्या कादंबऱ्यांबद्दल लिहिताना हेच सांगितलं होतं : एक अद्भुत गृहीत धरायचं आणि उरलेलं सगळं घरच्यासारखं ठेवायचं. पाऊस विकत मिळतो, हे वाचक मान्य करतो. त्याच कथेत शेवंताला परचित्तज्ञानही असेल, तर तो कशावरच विश्वास ठेवत नाही.

विज्ञान किती अचूक हवं, असं पुष्कळजण विचारतात. लेखक त्याला ओझं समजतात, पण अचूक विज्ञान बहुतेक वेळा कथेला नाट्य देऊन जातं. मंगळावरच्या वसाहतीच्या कथा खूप येतात आणि त्यांत हमखास मुलगी मंगळावरून आईशी व्हिडिओ कॉलवर बोलत असते. प्रत्यक्षात पृथ्वी आणि मंगळ जवळ असतात तेव्हा संदेश पोचायला सुमारे ३ मिनिटं लागतात आणि सगळ्यात लांब असतात तेव्हा सुमारे २२. म्हणजे ‘आई, बरी आहेस ना?’ असं विचारल्यावर उत्तर यायला पाऊण तास लागू शकतो. आई साताऱ्याच्या दवाखान्यात अखेरच्या घटका मोजते आहे आणि मुलीने पाठवलेला शब्द अजून वाटेत आहे. कथेचा प्राण इथे होता, आणि लेखकाने व्हिडिओ कॉल लावून तो घालवला. प्रकाशाचा वेग, गुरुत्वाकर्षण, विषाणूला पसरायला लागणारा वेळ, हे सारे अडथळे आहेत आणि कथेला अडथळेच हवे असतात. शंका असेल तिथे विज्ञान शिकवणाऱ्या एखाद्या ओळखीच्या माणसाला ते पान दाखवा. अशी मदत मागितलेली लोकांना मनापासून आवडते.

भुताच्या कथेलाही हेच लागू आहे. तिथे विज्ञान नसलं तरी नियम असतातच. भूत कुठे येऊ शकतं, कुठे नाही, त्याला काय हवंय, कशाने थांबतं, हे लेखकाला पक्कं ठाऊक हवं. वाचकाला ते सगळं सांगायची गरज नाही. नारायण धारपांच्या कथा पुन्हा वाचून पाहा. घर साधं, माणसं नोकरदार, संध्याकाळची वेळ, आणि घरातल्या एकाच जागी काहीतरी बिनसलेलं. भीती त्या साधेपणातून वर येते. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांत मध्यमवर्गीय घरातला एखादा नेहमीचा व्यवहारच हळूहळू वाकडा होत जातो. जयंत नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे यांच्या विज्ञानकथा वाचनालयात सहज मिळतील. जी. ए. कुलकर्णींच्या रूपककथाही सोडू नका. वाचताना पेन्सिल हातात ठेवा आणि अशक्य गोष्ट पहिल्यांदा कोणत्या पानावर, कुणाच्या तोंडून, किती शब्दांत आली त्याची खूण करा. एवढ्या एका सवयीने माझ्या ओळखीच्या अनेक नव्या लेखकांच्या कथा सुधारलेल्या मी पाहिल्या आहेत.

कथा झाली. आता पाठवायची.

मराठीत कथेला जागा मिळण्याचं मोठं ठिकाण अजूनही दिवाळी अंक हेच आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही प्रथा चालत आली आहे, आणि ‘नवल’, ‘धनंजय’ यांसारख्या अंकांनी तर अद्भुत, गूढ आणि विज्ञानकथांचा खास वाचक घडवला. पण त्यांचं वेळापत्रक नव्या लेखकांना माहीत नसतं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कथा येतात तेव्हा अंक बहुतेक भरलेला असतो, जाहिराती लागलेल्या असतात आणि चांगली कथाही बाजूला पडते. कथा मे-जूनपर्यंत संपादकांच्या हाती पडेल असं पाहा. युनिकोडमध्ये टाइप केलेली फाइल पाठवा. जुन्या फॉन्टमधली फाइल समोरच्या संगणकावर उघडली की नुसती चिन्हं दिसतात आणि ती दुरुस्त करत बसायला कुणाला सवड नसते. शब्दमर्यादा पाळा. सोबतचं पत्र पाच ओळींचं पुरे : कथेचं नाव, शब्दसंख्या, ती कुठेही प्रसिद्ध झालेली नाही आणि इतर कुठे पाठवलेली नाही एवढं निवेदन, तुमचं नाव आणि फोन. कथेचा सारांश, तिच्यामागची प्रेरणा, घरच्यांना ती किती आवडली, हे काही लिहू नका. एकच कथा एका वेळी दोन अंकांना देऊ नका. दोन्हीकडे छापून आली तर दोन्ही दारं बंद होतात, आणि मराठीतलं हे जग लहान आहे.

दुसरी वाट स्पर्धांची. मराठी विज्ञान परिषद ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था विज्ञानकथा स्पर्धा घेत आली आहे. या स्पर्धेची एक हकिगत प्रत्येक नव्या लेखकाने लक्षात ठेवावी अशी आहे. १९७४ साली तिथे ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली. लेखकाचं नाव नारायण विनायक जगताप. तिला पहिलं बक्षीस मिळालं आणि मग उलगडा झाला की हे जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून वापरलेली. तोवर त्यांना पद्मभूषण मिळून जवळपास दशक लोटलं होतं, जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांत त्यांचं नाव होतं. स्वतःच्या नावाने कथा पाठवली असती तर ती आनंदाने छापली गेली असती. तरीही त्यांनी ती नाव झाकून परीक्षकांपुढे ठेवली. आपल्या नावाने नव्हे तर कथेने काय मिळतं हे त्यांना पाहायचं होतं, असं मला वाटतं. पुढे २०२१ साली नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं. विज्ञानकथा हे दुय्यम साहित्य, असं तुम्हाला कुणी म्हटलं तर वाद घालत बसू नका. ते वाक्य तुम्ही आयुष्यात अनेकदा ऐकणार आहात, आणि त्याला चांगली कथा हेच एक उत्तर आहे.

पाठवल्यानंतर काय होतं? बहुतेक वेळा काहीच होत नाही. ही शांतता नकारापेक्षा अवघड जाते. मराठी संपादक नकाराचं पत्र क्वचितच पाठवतात. वेळ नसतो, माणसं कमी असतात. ही पद्धत मला पटत नाही. दोन ओळींचा नकार हा लेखकाचा हक्क आहे, आणि ज्या अंकांसाठी मी वाचतो तिथे तो जावा यासाठी मी भांडतो. पण तुम्ही मात्र शांतता येणार असं धरूनच चाला. दोन महिन्यांनी एकदा नम्रपणे विचारा. उत्तर नाही आलं तर आणखी महिनाभराने, कथा परत घेत असल्याचं कळवून ती दुसरीकडे द्या. संपादकांना रोज फोन करू नका, आणि समाजमाध्यमांवर त्यांच्याबद्दल लिहू नका.

या थांबण्याच्या काळात करण्यासारखं एकच आहे. आयझॅक अॅसिमॉव्ह अठरा वर्षांचे असताना, १९३८ साली, आपली पहिली विज्ञानकथा घेऊन न्यूयॉर्कमधल्या एका मासिकाच्या कचेरीत स्वतः गेले. संपादक जॉन कॅम्पबेल त्यांच्याशी बराच वेळ बोलले आणि कथा मात्र काही दिवसांत नकाराच्या पत्रासह परत आली. अॅसिमॉव्ह लगेच पुढच्या कथेला लागले. त्यांची पहिली छापील कथा १९३९ साली वेगळ्याच मासिकात आली. नाकारलेल्या त्या कथेचं हस्तलिखित पुढे हरवलं, आणि त्याने काही अडलं नाही. कथा पाठवली त्याच आठवड्यात दुसरी सुरू करा. मग संपादकांकडून काहीही आलं तरी तुमचं मन त्या वेळी नव्या कथेत गुंतलेलं असतं, आणि जुन्या कथेचा नकार पूर्वीइतका लागत नाही.

मला मात्र या वाटेवरच्या माणसांत सगळ्यात जवळची वाटते ती ऑक्टेव्हिया बटलर. तिची हकिगत सविस्तर सांगतो, कारण हे चढउतार तिच्याइतके कुणाच्या आयुष्यात उघडपणे दिसत नाहीत. १९४७ साली कॅलिफोर्नियातल्या पासाडेना इथे जन्मलेली कृष्णवर्णीय मुलगी. वडील लवकर वारले. आई लोकांच्या घरची कामं करायची. बटलर लाजाळू होती, वाचन-लेखनातला अक्षरांचा गोंधळ तिला होता. बारा वर्षांची असताना तिने टीव्हीवर मंगळावरून आलेल्या बाईचा एक सुमार चित्रपट पाहिला, आणि याहून बरी गोष्ट मी लिहीन, असं ठरवून कामाला लागली. १९७० साली विज्ञानकथा लिहिणाऱ्यांसाठीच्या क्लॅरियन कार्यशाळेला गेली. तिथे तिच्या दोन कथा विकल्या गेल्या. तेवीस वर्षांच्या मुलीला वाटलं, आता आपण लेखक झालो.

त्यानंतर सुमारे पाच वर्षं तिचा एकही शब्द विकला गेला नाही. विकल्या गेलेल्या दोन कथांतली एक ज्या संग्रहासाठी घेतली होती तो संग्रह संपादकाने काढलाच नाही. ती कथा वाचकांपर्यंत पोचली २०१४ साली, बटलरच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी. त्या पाच वर्षांत तिने भांडी घासली, फोनवरून वस्तू विकल्या, बटाट्याच्या वेफर्सच्या कारखान्यात वेफर्स तपासण्याचं काम केलं. मन गुंतवून टाकणारी नोकरी तिने घेतली नाही, कारण डोकं लिहिण्यासाठी मोकळं हवं होतं. पहाटे दोनला उठून ती लिहायची आणि मग कामावर जायची. १९७६ साली पहिली कादंबरी आली, १९७९ मध्ये ‘किंड्रेड’. ऐंशीच्या दशकात ह्यूगो आणि नेब्युला पुरस्कार मिळाले. १९९५ साली मॅकआर्थर फाउंडेशनची मानाची पाठ्यवृत्ती मिळाली, जी तोवर कुठल्याही विज्ञानकथालेखकाला मिळाली नव्हती. तिच्या वह्या आता हंटिंग्टन ग्रंथालयात आहेत. त्यांत तिने स्वतःला दिलेले हुकूम आहेत : माझी पुस्तकं लाखो लोक वाचतील, खपाच्या यादीत येतील. १९९३ सालची तिची ‘पॅरेबल ऑफ द सोअर’ ही कादंबरी त्या यादीत चढली, पण २०२० साली. ती २००६ मध्येच गेली होती.

ही हकिगत वाचून कुणी म्हणेल, म्हणजे चिकाटी ठेवली की यश मिळतंच. मी तसं म्हणणार नाही. फ्रँक हर्बर्टची ‘ड्यून’ वीसहून अधिक प्रकाशकांनी नाकारली आणि अखेर १९६५ साली मोटारदुरुस्तीची पुस्तकं काढणाऱ्या प्रकाशनाने ती छापली, हेही सगळे सांगतात. पण वीस नकार मिळालेल्या आणि पुढे कधीच न छापलेल्या कादंबऱ्या किती असतील, ते कुणी सांगत नाही. बटलरकडून मी घेतो ते एवढंच : यश मिळालेल्या वर्षी आणि न मिळालेल्या वर्षी तिचा लिहिण्याचा वेळ तोच होता. तुमचा वेळ पहाटेचा असेल, लोकलच्या प्रवासातला असेल, मुलं झोपल्यानंतरचा असेल. कोणताही चालेल, फक्त तो घरच्यांना सांगून ठरवा. चोरून लिहिणाऱ्याला लवकर थकवा येतो. नोकरी सोडायचा विचार मनात आणू नका. मराठीत कथेच्या मानधनावर घर चालत नाही, आणि कित्येक अंकांत मानधन म्हणजे अंकाची प्रत. मानधन मिळेल का, किती आणि कधी, हे कथा स्वीकारली गेल्यावर स्पष्ट विचारण्यात काही गैर नाही.

पहिली कथा छापून आली की मोठा आनंद होतो. तो घ्या, पेढे वाटा. त्यानंतर दोन आठवड्यांनी बहुतेकांना एक पोकळी जाणवते, कारण अपेक्षेएवढे फोन येत नाहीत. काका म्हणतात, छान आहे, पण जरा माणसांबद्दल लिही की. हे सगळ्यांच्याच वाट्याला येतं. त्या काळात आपल्याच प्रकारात लिहिणारे दोघे-तिघे शोधा आणि महिन्यातून एकदा एकमेकांच्या कथा वाचून दाखवा. वाचून दाखवताना ऐकणारा कोणत्या परिच्छेदाला चुळबुळ करतो ते पाहा. तो परिच्छेद काढायचा असतो.

काही मोहांपासून सावध राहा. एखादा प्रकाशक संग्रह काढतो म्हणेल आणि छपाईचा खर्च तुमच्याकडे मागेल, किंवा दोनशे प्रती तुम्हीच विकत घ्या म्हणेल. स्वतःच्या पैशाने पुस्तक काढणं चूक नाही, पण मग ती छपाई आहे हे ओळखून तीन ठिकाणचे दर विचारा, प्रती तुमच्या ताब्यात घ्या आणि वितरण कोण करणार ते आधी ठरवा. ई-पुस्तक तर फारशा खर्चाशिवाय मराठीतही काढता येतं. अँडी वीअरने ‘द मार्शियन’ आधी स्वतःच्या संकेतस्थळावर प्रकरणाप्रकरणाने फुकट वाचायला दिली होती. त्याच्या विज्ञानातल्या चुका वाचकांनी कळवल्या, त्याने त्या सुधारल्या, मग प्रकाशक आला आणि २०१५ साली चित्रपटही.

दुसरा मोह यंत्राकडून कथा लिहून घेण्याचा. २०२३ च्या फेब्रुवारीत ‘क्लार्क्सवर्ल्ड’ या प्रतिष्ठित विज्ञानकथा मासिकाला नव्या कथा घेणं काही काळ थांबवावं लागलं, कारण यंत्राने लिहिलेल्या कथांचा पूर आला होता. त्यामुळे खरं लिहिणाऱ्या नवोदितांचं दारही तेवढा काळ बंद राहिलं. माझ्याकडेही आता अशा कथा येतात. त्यांत भाषा स्वच्छ असते, पण शेवंताचा दीर नसतो. बांधावरून भांडलेला, पावसाचे पैसे न भरलेला तो दीर तुमच्या गावात, तुमच्या नात्यात असतो आणि तो तुम्हालाच आणता येतो.

इंग्रजीत लिहावं का? ज्यांचं वाचन आणि विचार दोन्ही इंग्रजीत होतात त्यांनी जरूर लिहावं. तिकडची चांगली मासिकं शब्दाला आठ सेंट किंवा त्याहून अधिक देतात, नकारही लेखी कळवतात. पण स्पर्धा जगभरातून असते आणि मासिकागणिक नियम वेगळे असतात, ते वाचूनच पाठवा. फक्त पैशासाठी भाषा बदलणाऱ्याची कथा दोन्हीकडे लंगडी पडलेली मी पाहिली आहे.

शेवटी हक्कांबद्दल. पूर्वी परदेशी कादंबरीवरून बेतलेली मराठी पुस्तकं सर्रास निघत, आणि त्यांतली काही वाचकांनी डोक्यावर घेतली. आज तसं करायचं तर मूळ लेखकाची परवानगी लागेल. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राखीव असतात. हाच कायदा तुमचंही रक्षण करतो. ‘तुंबाड’ या २०१८ सालच्या चित्रपटामागे धारपांच्या कथेची प्रेरणा होती. म्हणजे एखादी भयकथा लिहिल्यावर अनेक वर्षांनी पडद्यावर जाऊ शकते. ‘स्टोरीटेल’ २०१७ साली भारतात आल्यापासून मराठी कथांना कानांवाटेही वाचक मिळू लागला आहे. तेव्हा अंकासाठी कथा देताना फक्त त्या अंकात एकदा छापण्याचा हक्क देत असल्याचं ईमेलमध्ये एका ओळीत लिहा. ध्वनिपुस्तक, चित्रपट, भाषांतर हे हक्क वेगळे आहेत, ते न वाचता सही करून देऊ नका. हक्क लेखी करारानेच दुसऱ्याकडे जातात. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतं धरतो. घेणाऱ्याने वर्षभरात तो हक्क वापरला नाही तर, करारात वेगळं काही म्हटलं नसल्यास, तो तुमच्याकडे परत येतो. ‘सर्व माध्यमांतील सर्व हक्क कायमस्वरूपी’ असं कलम दिसलं तर ते खोडायला सांगा. बहुतेक प्रकाशक खोडून देतात. देत नसतील तर कथा परत घ्या आणि पुढच्या मे महिन्यात दुसऱ्या अंकाकडे पाठवा.